समोरचा वाडा पाडायला घेतलाय

मुठाकाठ
गेले नऊ दिवस माझं कशातच लक्ष नाहीये. पुण्यात शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडे, आमच्या गॅलरीच्या बरोब्बर समोरचा वाडा पाडायला घेतलाय. मी त्या वाड्यात एक रात्रही राहिलेली नाही, त्या लोकांशी आमचं नातं ना गोतं, पण जन्मल्यापासून सकाळी दार उघडलं की पहिलं दिसायचं ते त्या वाड्याचं छप्पर आणि त्यावरचे पारवे, आणि आता तिथे नुसतं आभाळ आहे. रविवारी सकाळी चहा घेऊन गॅलरीत आले आणि एकदम इतका उजेड अंगावर आला की मला भरूनच आलं.

गल्ली इतकी अरुंद आहे की जेसीबी आत येत नाही. त्यामुळे सगळं हातानं चाललंय, पहार, टिकाव आणि घमेली. आधी कौलं उतरवली, मग रिपा, मग वासे, मग वरच्या मजल्याचे पाट एकेक करून. दहा-बारा माणसं आहेत, कलबुर्गीकडची. त्यात एक जोडपं आहे, त्यांचं बाळ चार-पाच महिन्यांचं असेल. बाई बाळाची झोळी चौकातल्याच एका खांबाला बांधते. पहिल्या दिवशी दारातल्या खांबाला होती, काल आतल्या, आज अगदी मागच्या. वरून काम जसं पुढे सरकतंय तशी झोळी मागे सरकतेय. धूळ इतकी की ती दर थोड्या वेळानं झोळीवरचा पदर झटकते आणि परत पाटी उचलते.

परवा वरच्या मजल्याची रस्त्याकडची भिंत पडली आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. एक निळी, एक गुलाबी, एक नुसती चुन्याची. निळ्या खोलीत एका भिंतीला सगळी काजळी, तिथे चूल आणि नंतर स्टोव्ह असणार, आणि त्या काजळीत सात पांढऱ्या सावल्या, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं. डब्यांच्या. फळी कधीच गेलीय, डबे गेलेत, पण जिथे डबे होते तिथे धूर पोचला नाही. मी आईला हाक मारून दाखवलं. आई ८५ ची आहे, तिला लगेच कळलं ती कुणाची खोली. म्हणाली, त्या खोलीतल्या बाईंच्या घरचा शेवटचा डबा म्हणजे सुंठवड्याचा, मी बाळंत झाले तेव्हा त्यातूनच आला होता.

फोटो काढावेत की नाही तेच कळत नाहीये, कुणाच्या तरी उघड्या पडलेल्या घराचे फोटो काढणं बरं वाटत नाही. पण न काढता राहवतही नाही. तुमच्यापैकी कुणी असं समोरचं, शेजारचं किंवा स्वतःचं घर पडताना बघितलंय का? काय केलंत? काही ठेवून घेतलंत का त्यातलं? मला खरंच हवंय कुणीतरी बोलायला.

सुतारपक्षी
मुठाकाठताई, आधी हे सांगतो, फोटो काढाच. आजच काढा, उद्यावर टाकू नका. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, आमचे आजोबा सुतार होते, त्यांनी वाड्यांचीच कामं केली. दरवेळी असंच होतं की पाडून झाल्यावर लोक विचारत येतात, खालच्या सोप्याला किती खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) होते हो? आणि कुणालाच आठवत नाही.

तुम्ही लिहिलंय ते उतरवण्याचं काम नीट बघा, कारण वाडा बांधताना ज्या क्रमानं चढतो त्याच्या बरोब्बर उलट तो उतरतो. वाड्याचं सगळं वजन लाकडी सांगाड्यावर असतं. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर मातीचा कोबा. भिंती मधे भरलेल्या असतात. बऱ्याचदा खांब भिंतीच्या पोटातच असतो, बाहेरून दिसत पण नाही. म्हणून भिंत पाडल्यावर एकदम एक खांब एकटाच उभा दिसतो आणि लोकांना वाटतं की हा कुठून आला.

खांबाच्या डोक्याला जिथे तुळई बसते तिथे जरा झूम करून फोटो घ्या. कूस (तासून पुढे काढलेलं टोक) आणि खाच, वर पाचर, खिळा औषधाला नसतो. तुळईवर सुतारानं कोरलेल्या खुणा असतात, एक रेघ, दोन रेघा, फुली, कारण जमिनीवर जुळवून बघून मग वर चढवायचे आणि कुठली कूस कुठल्या खाचेत ते कळायला हवं. त्या खुणा आत दडलेल्या असतात, बांधला तेव्हा दिसल्या असतील आणि आता पाडताना दिसतील, मधे कुणालाच नाही.

मुठाकाठ
सुतारपक्षी, आज तुमचं वाचून खाली गेले. मुकादमाला विचारलं, त्यानं येऊ दिलं, फक्त चौकाच्या पुढे जाऊ नका म्हणाला. खुणा आहेत! तुळई जमिनीवर आडवी ठेवली होती, तिच्या टोकाला तीन रेघा आणि एक फुली, इतक्या ताज्या की छिन्नी काल लावलीय असं वाटावं. मी बोट फिरवलं त्यावरून.

आणि एक विचारायचंय. कौलांचा ढीग लावलाय, त्यातल्या एका कौलाच्या पाठीवर इंग्रजीत बासेल मिशन आणि १८६५ असं उमटलंय. म्हणजे वाडा १८६५ चा धरायचा का? आई म्हणते त्याहून जुना आहे.

सुतारपक्षी
आईंचं ऐका. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, मंगळूरचा बासेल मिशनचा कौलांचा कारखाना, ते साल त्यांच्या कौलांवर छापलेलंच असायचं. यानं खूप जणांची फसगत होते. पण त्यावरून थोडं कळतं. पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना मिशनच्या हातून कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, म्हणजे मिशनचा छाप असलेलं कौल साधारण त्याच्या आधीचं. मंगलोरी कौलं यायच्या आधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं असायची, ती दर पावसाळ्याआधी शाकारावी लागत, मग ज्यांना परवडलं त्यांनी मंगलोरी चढवली. म्हणजे छप्पर नवं आणि वाडा जुना असं सहज असतं. जोतं कशाचं आहे? काळ्या घडीव दगडाचं आणि वर पातळ विटा असतील तर आई म्हणतात ते खरं असणार. एक कौल मागून घ्या, देतात.

बाराबिऱ्हाडं
मला थोडं वेगळं लिहायचंय, कुणी रागावू नका.

मी नारायण पेठेत एका वाड्यात वाढले, ३१ वर्षं. दहा बाय बाराची एक खोली आणि पुढे कठडा, त्यात आम्ही सात जण. संडास खाली परसात, बारा बिऱ्हाडांना मिळून तीन. रात्री आजीला न्यायचं म्हणजे कंदील घेऊन (नंतर बॅटरी) तो फळ्यांचा जिना उतरायचा, भिंतीच्या पोटातला, एका वेळी एकच माणूस, हाताला दोर. त्या जिन्यावरून माझी काकू आठव्या महिन्यात पडली. पुढचं मी लिहीत नाही.

बाहेरून येणारे लोक म्हणायचे वा काय सुंदर चौक, काय ते तुळशीवृंदावन. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण चौकात नळाला पाणी पहाटे चारला यायचं आणि आई चारला उठायची, रोज, माझं लग्न होईपर्यंत मी तिला झोपलेली बघितलेलीच नाही. आमचा वाडा पाडला तेव्हा मी बघायला गेले नाही आणि काहीही ठेवून घेतलं नाही, मुद्दाम. आईला नव्या इमारतीत ३८० फुटांचा फ्लॅट मिळाला, तिसरा मजला, लिफ्ट, घरात संडास. तिनं पहिल्या दिवशी बाथरूमचं दार आतून लावलं आणि अर्धा तास बाहेरच आली नाही, आम्ही घाबरलो. आत नुसती स्टुलावर बसली होती. म्हणाली, कुणी बाहेर थांबलेलं नाही ना, मग बसू दे की.

मुठाकाठ, तुमचं दुःख खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या सात डब्यांच्या मागे कुणीतरी चाळीस वर्षं धूर गिळला असेल एवढंच.

मुठाकाठ
बाराबिऱ्हाडं, रागावू कशाला. तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, खरं आहे, त्या सुंठवड्याच्या डब्याच्या बाईंना शेवटी दमाच झाला होता. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. मी गॅलरीतून बघत होते ना, कायम बाहेरून.

हिशेबनीस
भाड्याचं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो, कारण सगळे वाडे असे का पडले त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. महागाईत गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा हेतू चांगलाच होता. पण पुढे पन्नास वर्षं ती भाडी तशीच राहिली. २००० साली ३१ मार्चपासून नवा कायदा लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आली, पण २० रुपयांचे ४ टक्के म्हणजे ८० पैसे. माझे वडील वाड्याचे मालक, म्हणायला मालक. अकरा भाडेकरू, सगळ्यांचं मिळून महिन्याला ३०० रुपयेसुद्धा येत नव्हते, आणि एक तुळई बदलायची तर हजारो. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून भाडेकरू चिडलेले, भाडेकरू भाडं वाढवत नाहीत म्हणून मालक चिडलेला, आणि मधल्या मधे पाऊस भिंतीत मुरतोय. वडिलांनी आणि समोरच्या खोलीतल्या काकांनी एकमेकांवर २२ वर्षं केस लढवली, आणि वडील गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले तेच काका आले.

त्यात भाऊबंदकी. आमच्या सात-बारासारख्या लांबलचक मालमत्ता पत्रकावर १९ नावं होती, त्यातली चार माणसं कुठे आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत वाडा थांबत नाही.

सुतारपक्षी
हिशेबनीस, अगदी खरं. आणि एक भर घालतो. वाडे वयानं कमी आणि पाण्यानं जास्त मेले. मूळ वाड्यात वरच्या मजल्यावर मोरी फारशी नसायचीच. एका कुटुंबाचं घर बारा कुटुंबांना वाटलं गेल्यावर प्रत्येकानं कोपऱ्यात मोरी केली, साहजिक आहे, करायलाच लागणार. ते पाणी पाटावर, पाटातून कडीत, कडीतून तुळईच्या टोकात. वर ओल दिसते म्हणून सिमेंटचा गिलावा मारायचा. माती-चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो, सिमेंटनं ओल आत कोंडते आणि आतला खांब बुडातून भुसा होतो. बाहेरून चकाचक, आतून पोकळ. मग एखाद्या जुलैमध्ये रात्री भिंत कोसळते. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात त्या उगीच नसतात, लोकांनी त्या गांभीर्यानं घ्याव्यात. मी असा एक पडलेला वाडा सकाळी जाऊन बघितलाय. पाडला जाणं त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

तेरणाकाठ
मी लातूर जिल्ह्यातला. धाग्यात लिहावं की नाही असं तीन दिवस चाललं होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून आलो होतो, सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि घर आलं अंगावर. आमच्याकडे माळवदाची घरं, दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर कडीपाट आणि त्यावर पांढरीच्या मातीचा थर. गळायला लागलं की दरवर्षी वर अजून माती चढवायची, आजोबांच्या काळापासून चढवत आलेली, कमरेएवढा थर झाला होता. उन्हाळ्यात काय गार असायचं ते घर. त्याच मातीनं माणसं गेली. माझी धाकटी बहीण आणि चुलते.

तुम्ही विचारलंय काय ठेवून घेतलं. भिंती सगळ्या बाहेर कोसळल्या पण माजघरातले चार खांब आणि त्यावरचा खण तसाच उभा राहिला होता, त्याच्या खाली आज्जी आणि मी. सुतारपक्षी म्हणतात तसा सांगाडा. नवीन गाव वसलं तिकडे सरळ रेषेत घरं मिळाली, आज्जीनं त्यातला एक खांब बैलगाडीतून नेला आणि नव्या घराच्या अंगणात पुरला, वर काही नाही, नुसता खांब. दावणीला उपयोग व्हायचा. आज्जी गेली, खांब आहे. आमच्याकडे आता कुणी माळवद घालत नाही आणि घालूही नये, पण तो खांब मी काढणार नाही.

बाराबिऱ्हाडं
तेरणाकाठदादा, वाचून काही सुचलं नाही बराच वेळ. लिहिलंत ते बरं केलंत.

लाल_चिरा
आमचं घर राजापूर तालुक्यात. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, पुढे पडवी, मधे ओटी, माजघर, मागे पुन्हा पडवी. फणसाच्या लाकडाचे वासे, हात लावला तर आरशासारखे गुळगुळीत. मुंबईत असलेल्या आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की पाडून स्लॅबचं बांधायचं, कारण गणपतीला आलं की पहिले दोन दिवस कौलं चाळण्यातच जायचे, वर माकडं, आणि घरावर चढणारा माणूसच गावात उरला नाही.

मी ठरवलं होतं की देवघराची चौकट आपण ठेवायची. सुट्टी मिळाली नाही म्हणून तीन दिवस उशिरा पोचलो. तोवर ठेकेदारानं सगळी लाकडं टेम्पोत भरून नेली होती. करारातच होतं, पाडण्याचे पैसे घेणार नाही, त्या बदल्यात लाकूड माझं. चुलतभावानं सही केली होती, त्याची चूक नाही, सगळे असंच करतात. ती चौकट कुठल्या तरी रिसॉर्टच्या दाराला असेल आता. जिथे कुठे असेल तिथे कुणी तिला रोज फुलं वाहत असेल तर बरं.

म्हणून धाग्यातल्या सगळ्यांना हात जोडून सांगतो. पाडायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून घ्या की अमुक वस्तू आमची. नुसतं तोंडी बोलू नका. आणि आधी जाऊन राहा दोन दिवस.

मुठाकाठ
आज जे झालं ते लगेच लिहितेय नाहीतर निसटेल.

तळमजल्याची रस्त्याकडची भिंत काढत होते. सिमेंटचा गिलावा निघाला आणि त्याच्या आत, चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर, माझ्या डोक्याच्याही वर एक तपकिरी आडवी रेघ. सरळ, सुतानं मारल्यासारखी, तिन्ही भिंतींवर फिरलेली. मला वाटलं रंगाचा पट्टा असेल. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, ती लगेच म्हणाली, ती पानशेतची.

१२ जुलै १९६१. आई तेव्हा कॉलेजात होती. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आईच्या घरचे पर्वतीच्या बाजूला पळाले. परत आले तेव्हा सगळीकडे गुडघाभर चिखल आणि नुसत्या मातीचे वाडे विरघळून गेले होते, विरघळून हाच तिचा शब्द. हा वाडा खाली दगड-विटांचा म्हणून राहिला. आई सांगत होती की या वाड्यातल्या बायकांनी महिनाभर भिंती धुतल्या, चौकात चूल पेटवून गहू भाजून वाळवले कारण दुसरं धान्यच नव्हतं, आणि तरी वास जात नव्हता. मग कधीतरी कुणीतरी सिमेंट मारून टाकलं. सुतारपक्षी, तुम्ही म्हणता तशी ती ओल कोंडली असेल त्यात, पण ती रेघ दिसू नये म्हणूनच मारलं असणार असं मला राहून राहून वाटतंय. साठ वर्षं मी ज्या भिंतीला टेकून भाजीवाल्याची वाट बघितली त्या भिंतीच्या आत ती रेघ होती.

मी आज एकदाच मोजलं, रस्त्यापासून रेघेपर्यंत. आईच्या शिवणाच्या टेपनं. सहा फूट दोन इंच. सुतारपक्षी, तुम्ही सगळं नीट बघायला सांगितलं नसतं तर मोजायचं मला सुचलंही नसतं.

सुतारपक्षी
ताई, हे सोन्यासारखं केलंत. ती उंची, गल्लीचं नाव, तारीख आणि फोटो, एकत्र लिहून ठेवा. शहरात पुराच्या खुणेच्या पाट्या मोजक्या ठिकाणी आहेत, अशा घराच्या पोटातल्या खुणा रोज पाडल्या जातायत आणि कुणी मोजत नाही. नदीकाठी आज जे बांधकाम चाललंय ते बघता या आकड्याचं मोल खूप आहे.

अजून एक. दिंडी दरवाजा, म्हणजे आत छोटं दार असलेलं मोठं दार, गेला का? मोठ्या दाराच्या चौकटीमागे भिंतीत चौकोनी भोक असेल बघा, अडसराचं. रात्री दार लावलं की भिंतीतून अडसर ओढून समोरच्या खाचेत बसवायचा.

वरळी_नाका
पेठांचं वाचून आमचं पण लिहावंसं वाटलं. आमची मुंबईतली वरळीची बीडीडी चाळ, सरकारनं बांधलेली. १९२० च्या दशकात बांधलेल्या, तळ अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, १६० फुटांची खोली. पणजोबा गिरणीत होते, तेव्हापासून आम्ही तिथेच. आमच्याकडे लाकूड नाही, काँक्रीटच्याच इमारती, त्यामुळे हातानं नाही मोठ्या मशिनीनं पाडल्या, दोन-तीन दिवसांत एक इमारत. आम्ही ट्रान्झिटमधून (तात्पुरत्या घरांतून) रोज संध्याकाळी उभे राहून बघायचो, शंभरएक माणसं, कुणी बोलायचं नाही. ज्या गॅलरीत दहीहंडीचा दोर बांधायचो ती गॅलरी मशिनीनं अशी उचलली आणि खाली ठेवली.

१४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, ५०० फुटांची घरं. आमचा नंबर अजून यायचाय. वडील थकलेत, त्यांना नव्या घरात एकदा तरी झोपायचंय, आमची तेवढीच इच्छा आहे. मी काय ठेवलं? दारावरचा खोलीनंबरचा पत्रा. तो नव्या दाराला लावणार, खालचा नवीन नंबर कितीही असो.

मुठाकाठ
सुतारपक्षी, अडसर!! भोक होतं, सांगितलंत तिथेच, आतून विटांची कड इतकी गुळगुळीत की हात घातला तर लोण्यासारखी. मी मुकादमाला म्हटलं आत बघा ना, तो म्हणाला काही नसतं. तरी त्यानं पहार आत घातली आणि ठक् आवाज आला. भिंत उकलली तर अडसर आतच. सहा-सात फुटी, चौकोनी, काळाभोर. सगळे काम थांबवून बघायला आले. दार रात्री लावायचं कधीतरी बंद झालं असेल, बारा बिऱ्हाडं झाल्यावर कुणी ना कुणी रात्रपाळीला असणारच, मग अडसर भिंतीत ढकलला आणि तो तिथेच राहिला. आईलाही तो कधी बघितल्याचं आठवत नाही.

त्या बाळाच्या आईनं अडसराला हात लावून नमस्कार केला. मी तिला विचारलं का गं, तर हिंदी-कानडीत काहीतरी म्हणाली, मला एवढंच कळलं की घराचं आहे.

दूरदेशी_पेठकर
मुठाकाठ, मी आठवडाभर हा धागा नुसता वाचतोय. नावं लिहीत नाही, पण गुलाबी खोली आमची होती. निळ्या खोलीच्या शेजारची. १९८८ ला आम्ही सोडली, आता मी मेलबर्नला असतो. तुमच्या आई म्हणजे गॅलरीत दोरीला परकर-पोलकी वाळत घालताना गाणं म्हणायच्या त्याच ना? आम्ही खिडकीत बसून ऐकायचो.

बाराबिऱ्हाडं म्हणतात ते सगळं आमच्याकडेही होतं, आई-बाबांचे हाल झाले, मला त्या घरात परत जायचं नाहीये. फक्त एक विचारतो, शक्य असेल तरच. खिडकीला सात गज होते, डावीकडून तिसरा सैल होता, गोल फिरायचा. मी अभ्यास करताना तो फिरवत बसायचो आणि बाबा ओरडायचे. तो दिसला तर फोटो पाठवाल का? खिडकी गेली असेल तर राहू द्या.

मुठाकाठ
अहो तुम्ही! आईला सांगितलं तर ती उठूनच बसली. हो, तीच. तुम्हाला ती "गोट्यांचा डबा हरवलेला मुलगा" म्हणून ओळखते.

खिडकी गेल्या मंगळवारी उतरली. पण चौकटी अजून गेलेल्या नव्हत्या, सगळ्या चौकात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, जुन्या लाकडाचा व्यापारी शनिवारी येणार होता. आज सकाळी गेले. सात गजांच्या तीन चौकटी आहेत. मी तिन्हींचा डावीकडून तिसरा गज फिरवून बघितला. दुसऱ्या चौकटीचा फिरतो.

मुकादमाला म्हटलं हा एक गज मला हवा. तो म्हणाला एक गज काढला तर चौकटीचा भाव जातो. मग मी चौकटच घेतली, व्यापारी देणार होता तेवढे पैसे देऊन. दोन माणसांनी आणून आमच्या जिन्याखाली ठेवलीय. अडसर वाड्याच्या मालकांच्या नातवाला कळवलाय, तो रविवारी न्यायला येतोय. एक पुरलेलं उखळ पण निघालंय माजघरातून, त्यावर कुणी हक्क सांगितला नाही तर तेही आमच्याकडे राहील, इथे कुणी त्या वाड्यातलं असेल तर सांगा.

तुम्ही जेव्हा याल तेव्हा चौकट घेऊन जा, किंवा नुसती येऊन फिरवून जा.

दूरदेशी_पेठकर
डिसेंबरमध्ये येतोय. बाबांना घेऊन येतो, ते ९१ चे आहेत, कोथरूडला बहिणीकडे असतात. जिना चढवणार नाही, खालीच आहे ना चौकट?

मुठाकाठ
खालीच आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला. आई म्हणतेय आधी एक दिवस कळवा, ती शिरा करेल.